हिरवी बादली

...आणि वर सासूबाई म्हणतात, "ती लोखंडाची बादली काय तुला खायला मागत व्हती का गं?" आता काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा. त्या बादलीचं बूड पत्र्याचं काम करणाऱ्या मुनवरभाईंनी तीनदा बदललेलं, कडी दोनदा. सासूबाईंच्या लग्नातली म्हणायची, पण मूळची अशी तिच्यात किती उरली होती कुणास ठाऊक... पाणी मात्र धरत होती. आणि मी? शिकलेली ना मी, सातवी पास. गंज बाळाच्या पोटात जायला नको म्हणून ती भंगारवाल्याला देऊन बदल्यात हिरवीगार प्लास्टिकची घेतली. हलकी, गुळगुळीत. चार दिवस गल्लीत मिरवले.

चारच, कारण टँकर चौथ्या दिवशी येतो. आला, रेटारेटी झाली, बादली भरली, उचलली, दाराशी येते न येते तोच खालून चर्रकन... अख्खं पाणी मातीनं पिऊन टाकलं. टँकर काय माझ्यासाठी थांबतो? घागरीच्या दोन खेपा झाल्या, संपला. पाच महिन्यांचं बाळ, बाळुत्यांचा ढीग, आणि चार दिवसांना दोन घागरी.

पळत मुनवरभाईंकडं. त्यांनी बादली उलटी केली, टिचकी मारली. "वैनी, लोखंड असतं तर डाग दिला असता. हिला कुठं जोडू?"

"मग काय करायचं?"

"फेकायची. दुसरी घ्यायची."

म्हणजे आणायची, फुटली की फेकायची, परत आणायची... याला अंत काय? तेवढं पुस्तकात नव्हतं, नाहीतर आलं असतं मला, शिकलेली ना मी.

म्हटलं, आमची जुनी द्या, भंगारवाल्यानं तुम्हालाच विकली ना? "विकली की. पण कापली." बूड शेजारच्या बनाबाईंच्या बादलीला, पत्रा खाजाभाईंच्या चाळणीला, कडी आणखी कुणाला. आता टँकर आला की मी बनाबाईंची बादली मागून आणते. बूड आमचंच, पण उसनं. बनाबाई म्हणतात, "न्या की, निम्मी तुमचीच हाय."

आणि ती फुटकी? तुकडा चुलीत घालून पाहिला, तर काळा धूर, बाळ खोकून बेजार. मग उकिरड्यात पुरली. परवा खत उपसलं, तर शेण, राख, काडीकचरा, सगळ्याची माती झालेली, आणि ही वर आली, तशीच्या तशी. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"ज्वारी वाळली, बाभळ वाळली," म्हणाल्या, "गावात हिरवं म्हणून एवढंच राह्यलं बघ. ते बी शिकलेल्या सुनंनं लावलेलं."