निखाऱ्याला धूर कुठला

हुपरीहून कोल्हापूरला निघालेल्या एसटीत पावसाची झड आत येत होती. पुढच्या बाकावरची आक्का खिडकी लावत नव्हती आणि मागं बसलेली तेजस्वी भिजून वैतागली होती. शेवटी आक्काच्या शेजारी बसलेली तिच्या गल्लीतली लालबीच बोलली.

"आक्का, खिडकी लावा की. गारठा किती हाय!"

"नको. असू दे."

"लेकीकडं गेलतासा न्हवं? बाळंतीण हाय म्हणं."

"व्हती. तिचं दिवस घालून आले."

"काय बोलताय! कशानं गेली?"

"वादळात लाईट गेली, घर गारठलं. इहीणबाईनं पोरीच्या खोलीत शेगडी ठेवली. धुराचा तरास नको म्हणून चांदीच्या भट्टीतला लालभडक निखारा आणला निवडून."

"मग? निखाऱ्याला धूर कुठला?"

"आमी बी तेच म्हणत आलो की. डाक्टर म्हणलं, धूर नसला तरी इखारी वायू हुतो. वास न्हाय, दिसत न्हाय. बंद खोलीत शेगडी नेऊच नये."

"या अल्ला! खिडकी तरी..."

"बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून फटीत बी चिंध्या कोंबल्या. काय बोलू इहिणीला? मायेनंच केलं की."

"आन् बाळ?"

"वाचलं. 'डोस्कं दुखतंय, जरा पडते' म्हणून पोरीनं सासूकडं दिलतं. आमाला वाटलं, जागरणानं दुखत आसंल."

लालबीनं पदर तोंडाला लावला. आक्का मागं वळली.

"भिजलीस व्हय गं पोरी? लावू खिडकी?"

"नको आक्का," तेजस्वी म्हणाली. "असू दे उघडी."