एका हाताचा चुडा

आमचं मूळ मंगळवेढ्याचं. जातीचे कासार. बाप बांगड्यांचा हारा डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायचा आन आमी दोघी भैनी, मी सुभद्रा थोरली आन गोदा धाकटी, नीट बोलाय यायच्या आदी आमाला काच वाजवून बगायला शिकवलं हुतं त्यानं, चांगली कशी वाजती आन तडा गेलेली कशी वाजती. लगीन होऊन मी सोलापुरात आले. नवरा बी कासारच, पर लग्नाला सात वरसं झाली आन त्याच्या अंगावरनं वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, मंग हारा माझ्या डोक्यावर आला. बाळीवेशीतनं निघायचं ते गिरणीच्या चाळी, तेलगू विणकरांच्या गल्ल्या, वकिलांची घरं, समदीकडं. काय सांगू तुमाला ताई, ह्या गावातल्या निम्म्या बायकांची मनगटं मी हातात धरलीयात. तोंड खोटं बोलतं, मनगटाला ते जमत न्हाय. कुणाला नवऱ्यानं मारलंय, कुणाला चुलीचा चटका हाय आन कुणाला उलथन्याचा, मला बांगडी चढवता चढवता कळतं.

हे लिवून घ्या, कारण फुडं मी काय केलं ते ऐकून तुमीच म्हणाल, मंग तुला कसं कळलं न्हाय बये. त्येच माझं दुकणं हाय.

भात्तरचा दुष्काळ पडला. गोदा तकडं मंगळवेढ्याच्या अंगाला खडी फोडायच्या कामावर जायची, उन्हानं पडली ती उठलीच न्हाय. तिचा नवरा कुटं निघून गेला कुणाला ठावं न्हाय. मागं राहिली कुसुम, नऊ वर्साची. मला पोटचं न्हाय, मी म्हटलं माझ्याकडं आणा. आणली. पर घरात रेशनच्या लाल मिलो जवारीची भाकर, ती बी तिघांत दोन, मी दिसभर बाहेर, नवरा अंथरुणात, पोर एकटी. एक गिऱ्हाईक बाई म्हटली, अगं स्टेशनच्या अंगाला मुलींचा आश्रम हाय की, दोन टाईम जेवान, शाळा, मोठमोठी मानसं चालवत्यात. मी इचार केला आन माझ्या ह्या हातानं तिला नेऊन सोडली. कागदावर अंगठा दिला. कासाराची पोर मोकळ्या हातानं नगं म्हणून दोन्ही हातात सहा-सहा बांगड्या भरल्या, लाल.

तितला जो मॅनेजर हुता त्याला समद्या पोरींनी काका म्हणायचं असं हुतं. त्याचं नाव मी सांगनार न्हाय, माझ्या तोंडातनं तेवढं त्याला द्यायचं न्हाय मला. धोतर पांढरंफेक, बोलनं मधासारखं. आमाला म्हनला, मावशी काळजी करू नका, आता ती आमची लेक.

म्हयन्यातनं एकदा भेटू द्यायचे. पैल्या म्हयन्याला गेले तर पोरीच्या हातात एक बांगडी. म्हटलं कुठं गं गेल्या, तर म्हनली वाढवल्या मावशी. आमच्यात फुटली म्हणत न्हाईत, वाढवली म्हणायचं, तेवढं शिकवलेलं हुतं तिला. मी हसले. म्हटलं पोर हाय, खेळती, आन हाऱ्यातनं काढून नव्या भरल्या. दुसऱ्या म्हयन्याला गेले, फिरून तेच. तिसऱ्याला बी. मी आपली भरती आन येती, भरती आन येती, आन रस्त्यानं मनात म्हनती की माझ्या भाचीला तरी काचेची कमी न्हाय. खेळताना हात आपटला तर एखाद-दुसरी जाती ताई. समद्या एकदम जात्यात त्या हात धरून पिळल्यावर, आन मंग मनगटाभोवती बारीक बारीक कापल्याचं कडं उटतं. ते कडं कुसुमच्या हाताला हुतं. मी त्याच्यावरनं बांगड्या चढवल्या. जगातल्या दुसऱ्या कुठल्या मावशीनं इचारलं असतं, आगं ह्या फुटत्यात कशा. मी कासारीण, मी नव्या भरल्या. आट म्हयने.

नवव्या म्हयन्याला पोर पळून घरी आली, दुपारची, अनवाणी. तिनं सांगितलं मंग. भांडी त्याच्या घरची पोरींनी घासायची, त्याच्या बायकोचं लुगडं धुवायचं, आन चुकलं की काका हात पिळायचा, पाठीमागं, वर वर, पोर पायाच्या बोटावर हुभी ऱ्हाईपतूर. रडली तर कोळशाच्या खोलीत. सात-आट पोरी हुत्या अशा. आन बाहेरनं तपासायला सायब यायचे त्या दिवशी नव्या चादरी आन शिरा. सायब शिरा खाऊन वहीत बरं लिवून जायचे.

मी तिला घेऊन चौकीत गेले. मला वाटलं चौकी कशाला असती. फौजदार बसला हुता, त्यानं पोरीला खालवर बघितलं आन मला म्हनला, बाई, ती संस्था कुणाची हाय माहिताय का. मी म्हटलं माझी तक्रार लिवून घ्या. तो म्हनला, पोरीचा ताबा कायद्यानं त्यांच्याकडं हाय, तू पळवून आणलीस म्हणून तुज्यावरच लिवून घेऊ का. आन शिपायाला पाठवून त्यानं त्यालाच बोलावलं ताई. त्यालाच. तो आला, फौजदाराबर च्या पिला, कुसुमच्या डोक्यावरनं हात फिरवला. ती माझा पदर सोडीना. शिपायानं तिची बोटं एक एक करून सोडवली. ती बोटं मला आजून दिसत्यात.

तिसऱ्या दिवशी निरोप आला की तुमची पोर दवाखान्यात हाय, पायरीवरनं पडली. गेले. उजवा हात मनगटाच्या वर मोडलेला. डाक्टर म्हनला पडून मोडलाय. मी म्हटलं डाक्टर, मी ल्हानपणापास्नं मनगटं बगतीया, हा पिळलेला हात हाय. तो म्हनला तू डाक्टर हायस का. कागदावर पडून मोडला असंच लिवलं. हाडं नीट बसलीच न्हाईत, हात वाकडाच ऱ्हायला, आजून तसाच हाय.

दवाखान्यातनंच मी तिला उचलली आन यष्टीनं मंगळवेढ्याला माझ्या म्हाताऱ्या आईकडं नेऊन ठिवली. म्हटलं येऊ द्या आता पोलीस, दारात विळा घिऊन बसते. कुणी आलं न्हाय. मागनं कळलं, आश्रमाच्या वहीत लिवलं हुतं, मुलगी पळून गेली, वळण वाईट. दहा वर्साच्या पोरीचं वळण वाईट. ताई, त्या दिवशी माझ्यातली रडणारी बाई मेली. कोर्टात बी गेले, तारखांवर तारखा, मंग कागूद सापडना म्हनले. गिरणीतल्या बायका माझ्या बाजूच्या हुत्या, त्या म्हनल्या सुभद्राबाई, तुमीच हाऱ्यातनं बांगड्या द्या, फौजदाराला नेऊन घालू. मी म्हटलं न्हाय द्यायची. माझी बांगडी त्या असल्याच्या हातात? बांगडीच्या हातानं म्या घर चालीवलं, ती शिवी कशी झाली? मी वाट बगते म्हटलं.

आन वाट बगितली, चार वरसं.

आमच्यात घरं वाटलेली असत्यात. ह्या घरात कुठल्या कासारानं जायचं ते ठरलेलं. त्या काकाचं घर माझ्या चुलत दिराकडं हुतं. वैशाखात त्याच्या लेकीचं लगीन निगालं. मी दिराच्या दारात गेले आन म्हटलं, भाऊजी, आजपतूर तुमच्याकडं काय मागितलं न्हाय, हा एक चुडा मला द्या. तो म्हनला, न्या वहिनी.

कुसुमला मंगळवेढ्यावरनं बोलावून घेतली. चौदाची झाली हुती. म्हटलं तू संगं चल, काय बोलू नगं, नुसती बस.

घर बायकांनी भरलेलं. संस्थेच्या मोठ्या मानसांच्या बायका, फौजदाराची बायको जरीच्या लुगड्यात, डाक्टरची बायको. त्याच्या बायकोनं मला वळखलं न्हाय, कासारणीचं तोंड कोण बगतंय. पाट दिला, नवरी फुडं बसली, गोरीपान पोरगी, आवाज मऊ. मी तिचा डावा हात घेतला. हिरवा चुडा, नऊ बांगड्या. एकेक सावकाश चढवली आन डावा हात पुरा झाल्यावर हारा झाकला. त्याची बायको म्हनली, आवं दुसरा हात? मी म्हटलं, आदी एक आयका.

आन मी समदं सांगितलं. काका कोण, कोळशाची खोली कुटली, लुगडी कुणाची धुतली, चौकीत च्या कुणी पिला, कागदावर पडून कुणी लिवलं. एकेकीकडं बगून सांगितलं. त्याची बायको वरडली, हिला बाहेर काढा. मी म्हटलं:

— काढा की. एका हातानं रिकामी नवरी बोहल्यावर चढवायची असंल तर खुशाल काढा.

कुणी हललं न्हाय. अर्धा चुडा सोडून कासारीण उठली तर त्यापरीस मोठा अपशकून न्हाय, ते तितल्या बारक्या पोरीला बी ठावं हुतं. तो सवता दारात येऊन हुभा ऱ्हायला, पर बांगड्या भरायच्या खोलीत पुरुषाला येता येत न्हाय, तितनंच बगत बसला. माझा बेत तुमाला खरा सांगते. मी तसंच उठून जानार हुते. त्याच्या लेकीचा हात जल्मभर त्याच्या डोळ्यात रिकामा ऱ्हावा म्हणूनच गेले हुते मी. पोरीचा काय गुन्हा हुता? काय न्हाय. माझ्या पोरीचा काय हुता?

मी हाऱ्याला हात घातला उटायला, तर कुसुम फुडं सरकली आन तिनं नवरीचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. मला असा राग आला तिचा. पर ती त्या वाकड्या हातानं भराय लागली. तो हात नीट वळत न्हाय, अंगठा दाबायचा तर खांद्यापासनं जोर लावावा लागतो. मला एक हात भराय जेवढा येळ लागतो त्याच्या चौपट लागला तिला. आन तेवढा येळ त्या समद्या बायकांना त्या हाताकडं बगत बसावं लागलं. बाहेर वाजंत्री थांबून ऱ्हायली. फौजदाराच्या बायकोनं मान खाली घातली ती वर केली न्हाय. नवरीच्या डोळ्यातनं पानी पडत हुतं बांगड्यांवर. नऊच्या नऊ भरल्या कुसुमनं, एक बी फुटू दिली न्हाय.

चुडा भरला की नवरीनं भरणारीच्या पाया पडायचं असतं. नवरीनं आईकडं बगितलं, आई तोंड फिरवून बसली. मंग ती उठली, वाकली आन कुसुमच्या पाया पडली, बाप दारातनं बगत असताना. आमी म्हनतो ते कुसुमला म्हनता आलं असतं, सौभाग्यवती हो. ती म्हनली:

— तुझा हात कुनी पिळू नये.

तुमी इचाराल, मंग त्याला शिक्षा झाली का. कसली वो शिक्षा. चार म्हयन्यांनी तब्येतीचं कारण सांगून घरी बसला. आजून जिता हाय, फिराय जातो. मी त्याला माफ केलेलं न्हाय, सिद्धेश्वरापुढं बी सांगितलंय की माझ्याकडं त्याची माफी मागू नगंस. पर आमच्या भावकीनं ठरिवलं, त्या घरात कासार जायचा न्हाय. संक्रांत न्हाय, श्रावण न्हाय. त्याची बायको दुकानातनं बांगड्या इकत आनती आन एकटी साबण लावून घालती म्हनं. घालू दे.

आता कुसुम माझ्यासंगं असती. दर म्हयन्याला, पैल्या रविवारी, आमी दोघी त्या आश्रमाच्या फाटकाबाहेर हारा मांडून बसतो. नवा मॅनेजर आला पैल्यांदी, म्हनला हितं धंदा करायचा न्हाय. मी म्हटलं सायब, धंदा न्हाय, पोरींना फुकट भरतो, सहा-सहा, लाल. तो मागं फिरला. पोरी येत्यात, कुसुम एकीएकीचा हात मांडीवर घेऊन फिरवून बगती.

आन कुणाच्या हातात कमी निगाल्या, तर मी नव्या भरत न्हाय. हारा झाकते. आदी इचारते, कुनी फोडल्या.