ओलीस राहिलेली बहीण

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी विद्यापीठाच्या कॅम्पस बसमध्ये सकाळी माझ्या मागच्या सीटवर इथे शिकणारी एक मुलगी आणि टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून तिला भेटायला आलेले तिचे मामा बोलत होते.

"माझा रिसर्च मध्ययुगातल्या युद्धकैद्यांवर आहे, मामा. खंडणी भरली की त्यांना सोडायचे."

"आणि पैसे जवळ नसले तर?"

"मग कधीकधी भावाला किंवा मुलाला ओलीस ठेवून घरी जायचे, जमवायला."

"अगं, नागपूरला आम्ही हेच खेळायचो! मी पकडला गेलो की माझ्या जागी तुझी आई बसायची. खंडणी म्हणजे ओंजळभर बोरं."

"तुम्ही न्यायचात बोरं?"

"एकदा घरी गेलो, जेवलो आणि झोपलोच. अंधार पडल्यावर धावत गेलो, तर सगळी पोरं निघून गेलेली. तुझी आई एकटी बसून होती."

"रडत होती?"

"छे! म्हणाली, 'लहू, तू येणार हे मला माहीत होतं.'"

"मामा, तीन वर्षं झाली तुम्ही आईशी बोलला नाहीत."

"हं."

"दर रविवारी विचारते ती."

"काय विचारते?"

"लहू बरा आहे ना, एवढंच."

"तिकडे भारतात आत्ता किती वाजले असतील?"

"संध्याकाळचे सात. लावू फोन?"

"नको, मीच लावतो. नंबर पाठ आहे मला."