दुसऱ्या अर्थिंगची तार

बसा, बसा. माझ्यासाठी कोणी उभं नका राहू.

मुग्धा बेटा, कुहीहून आलेली शैलावहिनींच्या माहेरची मंडळी, आणि खापरखेड्याच्या कॉलनीतले आपले जुने सोबती. प्रकाशच्या शोकसभेले एवढे सारे आले तुम्ही. प्रकाशचा सर्वांत जुना दोस्त म्हणून मले बोलाले सांगितलं. आतापर्यंत जे बोलले त्यांनी प्रकाशचं चांगलं सांगितलं. मी माझं वाईट सांगाले उभा आहे. ऐकून घ्या.

पॉवर स्टेशनात तो इन्स्ट्रुमेंटवाला, मीटरं सांभाळणारा; मी इलेक्ट्रिकलचा फोरमन. मी सहा वर्षांनी मोठा. तो मले भाऊ म्हणे. नुसता म्हणत नव्हता, मानत होता. तिथंच सारा घोळ झाला.

वहिनी गेल्या, तेव्हा त्यांच्या पेटीत एक कॅसेट सापडली. मुग्धाच्या वेळी वहिनी बाळंतपणाले कुहीले गेल्या होत्या. तिथं आपल्या भावाच्या टेपरेकॉर्डरवर त्यांनी प्रकाशसाठी चार गोष्टी भरल्या, आणि लाजेपायी कधी दिल्याच नाही. घरात मोठी माणसं, म्हणून बोलल्याही अगदी हळू. आता कॅसेट जुनी झालेली. लावली की कोणीतरी पुटपुटल्यासारखं वाटे. एक शब्द समजत नव्हता.

मुग्धा म्हणाली, बाबा, स्टुडिओत देऊ, ते साफ करून देतील. प्रकाश म्हणाला, "तुझ्या आईनं मले म्हटलं आहे ते. माझ्याआधी परक्या माणसाले काहून ऐकवू?"

म्हणून त्यानं घरीच प्रीॲम्प बनवला. टेपचा बारीक आवाज मोठा करून देणारा डबा. आवाज मोठा झाला, मंडळी. पण त्याच्यासंगं घूंऽऽ अशी घरघरही मोठी झाली. घरघर वर, वहिनी खाली.

आम्ही म्हटलं, दोष पॉवर सप्लायचा. म्हणजे लाइनीतली वीज साफ करून प्रीॲम्पले पुरवणारा जो दुसरा डबा, त्याचा. दोन वर्षं आम्ही त्याच्या मागं लागलो. दर रविवारी सकाळी. दोन म्हातारे, एक टेबल. कपॅसिटर मोठे केले. रेग्युलेटर बदलला. बर्डीच्या बाजारातून नवीन ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणला, लोखंडी डब्यात बसवला, दोन हात दूर ठेवला. प्रकाश हसे. "भाऊ, एवढ्या सप्लायवर तर अख्खी कॉलनी चालेल." आणि चालू केलं की घूंऽऽ. तेच. तेच.

आता नीट ऐका. सप्लायच्या डब्याले एक अर्थिंग होतं, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी तार. प्रीॲम्पच्या डब्याले दुसरं, वेगळं. हे दुसरं मी लावलं. माझ्या हातानं. काहून? कारण आमच्या कामात हर मोटरीले दोन अर्थिंग. एक तुटलं तर दुसरं. जिंदगीभर मी हेच शिकलो, हेच शिकवलं. इथं आलेली कॉलनीतली कितीक माणसं त्याच्यासाठी माझ्या शिव्या खाऊन बसली आहेत.

एका रविवारी प्रकाश म्हणाला, "भाऊ, ही दुसरी तार काढून पाहू का? सप्लायच्या केबलमधून इकडे अर्थिंग येऊनच राहिलं आहे नं. दोन वाटा असल्या म्हणून करंट गोल गोल फिरून राहिला असंल, त्याचीच ही घरघर."

मी भडकलो. माझा स्वभाव तुम्हाले माहीत आहे. म्हटलं, "पागल झाला का गा? अर्थिंग काढतो? मी आहे तोवर ती तार निघणार नाही."

तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर राहू द्या."

आणि राहू दिली. मी घरी गेल्यावर तरी काढायची होती. घर त्याचं, डबा त्याचा, बायको त्याची. एक मिनिट काढून पाहायची होती. नाही काढली. असा कसा गा तू? एवढा कसा मानतो कोणी कोणाले?

धंतोलीच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो. दम लागत होता त्याले. म्हणे, "भाऊ, या खेपेस ऐकू येईल नं?" मी म्हटलं, "तू घरी तर चाल, आणखी एक कपॅसिटर टाकू." कपॅसिटर! तो मरून राहिला होता आणि मी त्याले कपॅसिटर सांगून राहिलो होतो.

परवा मुग्धानं बोलावलं. "काका, बाबांचा तो डबा एकदा पाहा नं." मी पेचकस घेतला आणि ती दुसरी तार सोडली. आता सोडून कोणाचं भलं होणार होतं, मले नाही माहीत. पहिल्या तारेवर अर्थिंग पूर्ण होतं. काही धोका नव्हता. कधीच नव्हता. चालू केलं, तर घरघर गेली. साफ गेली. काखेत कळसा अन् गावाले वळसा म्हणतात, तो वळसा मी प्रकाशले दोन वर्षं घालाले लावला. एका स्क्रूसाठी.

कॅसेट टेपमध्ये लागलेलीच होती. वहिनींचा आवाज आला. शेजारच्या खोलीतून यावा तसा. म्हणाल्या, "अहो, येऊन राहिला का आवाज तुम्हाले?"

मी बंद केलं. पुढं नाही ऐकलं. मुग्धानंही नाही.

लोक मले समजावतात. भाऊ, जाणून तर नाही केलं तुम्ही. नाही केलं. मग? त्या विचारून राहिल्या आहेत, आणि ज्याले विचारलं तो नाही. तो होता दोन वर्षं. त्याच टेबलाशी बसून होता, कान लावून. माझ्यामुळं त्याले ऐकू आलं नाही.

उठा मंडळी. दोन मिनिटं गप्प उभे राहू. ज्याले हात जोडायचे त्यानं जोडा.

प्रकाश, मले माफ नको करू गा.