ध्येय : खिडकीची सीट

नाही, मला एक सांगा, सत्तावन्न वर्षं पाच महिने झालेल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या माणसाला कुणी विचारतं का, 'काका, तुमचं ध्येय काय?' अहो, ध्येय शाळेत विचारतात! तेव्हाही मी 'ड्रायव्हर होणार' म्हटलं होतं, झालो! विषय संपला की नाही? तर म्हणे नाही, रकाना भरा!

तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं बस चालवली मी. एकसष्ट नंबर. डेपो ते बंदर, बंदर ते डेपो. आता सात महिन्यांनी घरी बसणार, म्हणून मॅनेजर साहेबांनी नोटीस लावली, 'निवृत्तीपूर्व गुंतवणूक शिबिर, हजेरी सक्तीची.' कुठे? टायरच्या गोडाऊनमध्ये! आम्ही अकरा ड्रायव्हर आत गेलो आणि खुर्च्या ओढून बसलो, कसे? एकामागे एक! सरळ रांगेत! शिकवणाऱ्या मॅडम, असतील माझ्या धाकटीच्या वयाच्या, हसायलाच लागल्या. 'अहो काका, शेजारी-शेजारी बसा ना!' शेजारी? ड्रायव्हरच्या शेजारी जन्मात कुणी बसलंय?

मग कागद वाटले. तुम्ही किती जोखीम घेऊ शकता, त्याची परीक्षा. 'बाजार अचानक खाली आला तर काय कराल?' मी लिहिलं, गाडी बाजूला घेईन, मागचे दिवे लावीन आणि डेपोला फोन करीन. बाकीच्या दहा जणांनीही तेच लिहिलं! कॉपी नाही हो, चौतीस वर्षांची सवय! मॅडमनी कपाळाला हात लावला. 'काका, बाजारात असं मध्येच थांबायचं नसतं. घाबरून पैसे काढलेत की नुकसान तुमचंच.' मी म्हटलं, 'मॅडम, मी आजवर एकही माणूस जखमी केला नाही, ते थांबूनच.' मॅडमनी सरळ पुढचा कागद काढला.

आणि मग ते ध्येय. 'रिटायर झाल्यावर काय काय करायचंय ते लिहा, समोर खर्च लिहा.' आता हे वाक्य मला नवीन आहे का? चौतीस वर्षं मी दुसरं बोललोय काय? पोहायला शिकायचंय, रिटायर झाल्यावर बघू. घराला रंग काढायचाय, रिटायर झाल्यावर बघू. पण पेन हातात घेतलं आणि तुम्हाला खरं सांगतो... एकच गोष्ट आठवली.

आमची ही. लग्न नवीन होतं तेव्हापासून दर गुरुवारी माझ्याच बसने आईकडे जायची. बरोब्बर माझ्या मागच्या सीटवर बसायची. वर पाटी, 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.' पहिल्याच महिन्यात एकदा ती पुढे वाकून म्हणाली, 'अहो, ऐकलंत का, एक सांगायचंय...' आणि मी, मूर्ख माणूस, नवी नोकरी, नवा गणवेश, अंगात वारं शिरलेलं, मी मागे न बघता बोट वर करून पाटी दाखवली! सगळी बस हसली. झालं! त्यानंतर गाडीत एक शब्द बोलली नाही. मी आरशातून बघायचो, ती खिडकीतून बघायची, नाहीतर डुलकी काढायची. तिचे केस पांढरे झाले ते मी आरशात पाहिलेत हो! घरी कधी बघणार? पहाटे चारला ती झोपलेली, रात्री नऊला मी आडवा. 'अगं, त्या दिवशी काय सांगणार होतीस' हे विचारायचं राहिलं ते राहिलंच. म्हटलं, रिटायर झाल्यावर बघू.

तर मी रकान्यात लिहिलं, 'एकसष्ट नंबर. ड्रायव्हरच्या मागची सीट. खिडकी तिला, शेजारी मी. गाडी दुसऱ्याने चालवायची.' मॅडमनी वाचलं. 'काका, आणि खर्च?' म्हटलं, 'शून्य. आम्हाला पास आहे.' 'अहो, पण शून्य लिहिलं तर हिशेबच पुढे जात नाही!' मग पेन खाली ठेवून हळूच म्हणाल्या, 'याला सात महिने कशाला थांबताय? आमच्यात एक नियम आहे, काका. लवकर सुरुवात केली तर थोडं थोडं टाकून भागतं. उशिरा सुरुवात करणाऱ्याला हप्ता मोठा बसतो.' इतर दहा जण ते वहीत लिहून घेत होते. मी नाही लिहिलं. मला ते पाठच झालं.

गेल्या रविवारी सुट्टी टाकली. हिला म्हटलं, 'चल.' 'कुठे?' 'एकसष्टने, बंदरापर्यंत.' 'काम काय?' 'काही नाही.' तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला! पण आली. खिडकीत ती, शेजारी मी. आणि चालवणारा कोण, तर नवीन पोरगा, क्लच असा सोडतोय, असा सोडतोय... माझा पाय आपोआप ब्रेकवर! ब्रेक कुठला, पत्रा! मी तोंड उघडणार, 'अरे बाबा, जरा...' तर हिने न बोलता बोट वर केलं.

पाटी!

चौतीस वर्षं जपून ठेवलं होतं हो ते बोट!

दोघंही हसलो. खूप हसलो. मग मी धीर केला. म्हटलं, 'अगं, त्या दिवशी काय सांगणार होतीस?' म्हणाली, 'कुठल्या दिवशी?' म्हटलं, 'मी पाटी दाखवली तेव्हा.' मग म्हणाली, 'अय्या... आता नाही आठवत हो. पण काहीतरी छान होतं. थांबा, आठवते.' डोळे मिटले. मी थांबलो. एक स्टॉप गेला, दोन गेले... आणि बाईसाहेब घोरायला लागल्या! माझ्या गाडीत बोलायची बंदी, मग झोपायची सवय लागलेली ना! डोकं माझ्या खांद्यावर.

बंदर आलं. पोरगा म्हणाला, 'मास्तर, शेवटचा स्टॉप.' मी बोटाने पाटी दाखवली आणि म्हटलं, तसाच मागे फिर. डेपो आला, पुन्हा फिर. अशा तीन फेऱ्या झाल्या. हाताला मुंग्या, मान धरलेली, गुडघ्याचं विचारूच नका... पण खांदा तसूभर हलवला नाही. काय करणार? उशिरा सुरुवात केली ना, हप्ता मोठाच बसणार!