लांब उडीच्या खड्ड्याजवळ बुडवलेल्या कॅमेऱ्याबाबत

मैदानावर मला तडतड्या म्हणतात. वय एकवीस. धंदा: मैदानावर रोजंदारी. शिक्षण: कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडले. काढलेले नाही, सोडले. राहणार: मैदानामागची गल्ली, आई, वडील व थोरली बहीण यांच्यासह. पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

लांब उडीचा खड्डा सांभाळणे हे माझे काम. प्रत्येक उडीनंतर वाळू सारखी करायची आणि ती उडू नये म्हणून बादलीतले पाणी शिंपडायचे. आज मुलींची अंतिम फेरी होती. तक्रारदार, म्हणजे कॅमेरावाला, खड्ड्यासमोर दोरीबाहेर स्टँड लावून बसला होता. तो कोणत्याही वर्तमानपत्राचा नाही. मुलगी धावत येताना तो कॅमेऱ्याला हात लावत नसे. ती वाळूत पडली, उठायला वाकली, कपडे झटकू लागली, की याचे काम सुरू. कोणाची उडी किती गेली ते त्याने एकदाही पाहिले नाही.

काल पहिल्या फेरीत त्याने एका मुलीचे असेच चित्रण केले आणि ते संथ करून मोबाइलवर सोडले. खाली लोकांनी काय काय लिहिले ते मी इथे बोलणार नाही. तिच्या भावाने ते पाहिले. "उद्याचं उरकून घे, मग खेळ बंद. घरी बसायचं," असे तो तिला म्हणाला. हे ती आज सकाळी मैत्रिणीला सांगत होती, तेव्हा मी शेजारी पाणी शिंपडत होतो. त्या वेळी शिंपडायची गरज होती का, असे साहेबांनी विचारले. नव्हती.

सदर मुलीचे नाव मला माहीत आहे. सांगणार नाही. छातीवरचा नंबरही सांगणार नाही. तिला न विचारता तिचे काही ना काही उचलणारे आज पुष्कळ झाले, त्यात माझी भर नको.

तिने संयोजकांकडे जाऊन त्याला उठवायला सांगितले. संयोजक म्हणाले, "अगं बाळ, मैदान सार्वजनिक आहे. मी कोणाकोणाचे डोळे बांधू? तू आपली उडीकडे लक्ष दे." ती परत आली आणि अंगावर ट्रॅक पँट व जाकीट चढवले. त्या कपड्यांत तिने दोन उड्या मारल्या. दोन्ही रोजच्यापेक्षा हातभर कमी. त्यावर तक्रारदार मोठ्याने म्हणाला, "आता झाकून काय उपयोग, ताई? कालचं आहे की माझ्याकडे." शेजारचे दोघे हसले. त्याने "ताई" म्हटले हे लिहून घ्यावे.

मी बादली घेऊन त्याच्याकडे गेलो. आधी रीतसर विचारले, "काका, कालचं पुसता का?" तो म्हणाला, "तू कोण रे तिचा?" मी कॅमेरा स्टँडवरून काढून बादलीत बुडवला. पडला नाही, धक्का लागला नाही. बुडवला, आणि बुडबुडे थांबेपर्यंत धरून ठेवला. मी तक्रारदाराला मारले हे धादांत खोटे आहे. मनात होते, पण दोन्ही हात बादलीत होते.

ती धावत आली. मला वाटले... काय वाटले ते तपासाच्या कामाचे नाही. ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं? माझी एक उडी बाकी आहे आणि तू इथे तमाशा मांडलास!" मी सॉरी म्हणालो. तिने जाकीट काढले, ट्रॅक पँट काढली, मैत्रिणीच्या हातात दिली आणि धावपट्टीच्या टोकाकडे चालू लागली. ती उडी मी पाहिली नाही. मला तेव्हा गाडीत बसवत होते.

ठाण्यात कॅमेऱ्यातले कार्ड कोरडे करून संगणकात घातले. ते चालले. तपासासाठी पाहावे लागते, मान्य. पण तिघे जण खुर्च्या ओढून बसले आणि एक म्हणाला, "जरा मागे घे रे." मी ओरडलो. आवाज खाली कर म्हणाले, मी केला नाही. हेही लिहा, नाहीतर सही करणार नाही, असे म्हटल्यावर साहेबांनी लिहिले, आणि स्वतः उठून संगणक बंद केला. कार्ड पाकिटात घालून मोहोर लावली आहे. महिला पोलीस आल्याशिवाय उघडायचे नाही असे ठरले.

आत्ता ती ठाण्यात आली आहे. भाऊ दाराशी उभा आहे. साहेब तिला म्हणाले, "याच्याच जबाबात तुझं म्हणणं घालू का? एकाच कागदावर भागेल." ती म्हणाली, "नको. माझं मी सांगते. आणि याला आधी बाहेर बसवा, हा मधे मधे बोलतो." भाऊ म्हणाला, "चल घरी, शोभा पुरे झाली." ती खुर्ची पुढे ओढून बसली.

लिहिलेले सगळे मला वाचून दाखवले. मी बोललो तेच आहे, माझ्यापुरते खरे आहे. कॅमेऱ्याबद्दल जो काही गुन्हा लागेल तो माझ्यावर लावावा. सांगितल्याप्रमाणे मी बाहेर बाकावर जाऊन बसतो. त्याच बाकावर तक्रारदारही आहे, तेव्हा मधे एक हवालदार बसवावा, ही विनंती.