मगनच्या जीपची मोटर

म्हसावदच्या जीपमध्ये मी मागे होतो. पुढे ड्रायव्हर मगन आणि शेजारी कमलबाई. पाऊस वाढला तशी मगनने जीप कडेला घेतली.

"का रे मगन, का थांबना?"

"काचमधून दिसत नही, मावशी. वायपरनी मोटर घरमा शे."

"घरमा काय करस ती?"

"पोरना पाळणा हलावस. मन्ही बायको चेतना वावरमा निंदाले जास, मग झोका कोण देई?"

"तुन्ही माय शे ना?"

"तिना हात उचलत नही आते. दोरी ओढता येत नही, बटन दाबता येस."

"पण मोटर तर गोल फिरस, पाळणा कसा हलावस?"

"मोटर गोलच फिरस. तिले आखूड दांडी, आखूड दांडीले लांब दांडी. लांब दांडी पुढे-मागे जास. आठे वायपर हालस, तठे पाळणा."

"आणि लाइट गई तर?"

"फवारणीना पंपनी बॅटरी लायेल शे."

"पोर रडनी तर?"

"दोन स्पीड शेत. एकवर झोपस, दोनवर हसस."

"आणि आम्ही आठे पाऊसमा! पोर झोपनी का मोटर काढी आणत जा ना."

"माय बंदच करत नही, मावशी. पोर झोपनी तरी बटनवर बोट ठेईसन बसस."

कमलबाईने पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली.

"काढू का उद्या?"

"ऱ्हाऊ दे. थांबसूत आपण."